कोरियातल्या इंग्रजी बालवाडीत आग्रही पालकांशी कसं वागावं?

प्रश्न थोडक्यात असा: सोलमधल्या एका इंग्रजी बालवाडीत चार-पाच वर्षांच्या बारा मुलांचा वर्ग मिळाला आहे, कोरियन जेमतेम येतं, आणि पहिल्या महिन्यातच पालकांचे निरोप रात्री दहानंतरही थांबत नाहीत. कुणाला रोज गृहपाठ हवा, कुणाला वहीचं प्रत्येक पान भरलेलं हवं, आणि एका आईला आपला मुलगा अजून इंग्रजीत का बोलत नाही याचं उत्तर आजच्या आज हवं. यांना सांभाळायचं कसं आणि ठाम कुठे राहायचं?

आधी ही घाई येते कुठून ते बघा. सगळे जिला इंग्रजी बालवाडी म्हणतात ती कायद्याच्या दृष्टीने बालवाडी नाहीच. तो ‘हागवॉन’, म्हणजे खासगी शिकवणीवर्ग आहे. मान्यताप्राप्त बालवाड्यांना ‘नुरी’ अभ्यासक्रम लागू असतो, आणि 2020 पासून अमलात आलेलं त्याचं सुधारित रूप खेळावर उभं आहे. हागवॉनवर ते बंधन नाही. सरकारी शाळेत इंग्रजी सुरू होतं ते थेट तिसरीत. म्हणजे पालक तुमच्याकडून जे घेताहेत ते सरकारी व्यवस्था त्या वयात देतच नाही, आणि त्यासाठी खिशाला चांगलीच चाट बसते. सरकारने 2024 मध्ये केलेल्या पाहणीत अशा वर्गांचा सरासरी मासिक खर्च साधारण 15 लाख 45 हजार वॉन निघाला. त्यात प्राथमिक वयाच्या नामांकित इंग्रजी हागवॉनमध्ये शिरण्यासाठी प्रवेश चाचणी असते. तिला लोक ‘सात वर्षांची परीक्षा’ म्हणतात. ही सात वर्षं जुन्या कोरियन मोजणीची. प्रत्यक्षात मूल पाच-सहा वर्षांचं असतं. जून 2023 पासून सरकारी कामात वय आंतरराष्ट्रीय पद्धतीने धरतात, पण पालकांच्या तोंडी जुनी मोजणी अजून आहे. कुणी ‘सहा वर्षांचा झाला तरी’ म्हणालं की जन्मतारीख बघा. बऱ्याचदा ते मूल चार वर्षांचंच निघतं, आणि अर्धी काळजी तिथेच फिटते.

म्हणून ‘आज काय शिकवलंत?’ हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नसतो. पैसे कामी येताहेत का आणि चाचणीपर्यंत पोहोचणार का, हे दोन प्रश्न त्याच्या पोटात असतात. त्यावर ‘वर्गात अगदी आनंदात असतो’ असं कळवलं तर आईच्या पदरात काहीच पडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न जरा चढ्या आवाजात येतो. आग्रही पालकांपैकी बहुतेकांना तुमच्याशी भांडायचं नसतं, त्यांना माहिती हवी असते. ती त्यांनी मागण्याआधी, नेमकी आणि त्यांच्याच मुलाबद्दलची दिलीत तर रात्रीचे निरोप आपोआप घटतात. खरोखर हेकट पालक वर्गात एखाद-दुसरेच असतात. त्यांच्याकडे नंतर वळू.

सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे रोजची नोंद. पूर्वी ही वहीत लिहीत, आता किड्सनोटसारख्या अॅपवर जाते. बहुतेक शिक्षक इथेच मार खातात, कारण ते मत लिहितात. ‘मिन्जुनचा आजचा दिवस छान गेला, त्याने चांगलं लक्ष दिलं.’ ही नोंद कुठल्याही मुलाला लागू पडते, आणि आयांना ते कळतं. त्याऐवजी कानावर पडलेलं लिहा:

‘गोष्टीतलं अस्वल गुहेत गेलं तेव्हा मिन्जुन आपणहून म्हणाला, “बेअर इज स्लीपिंग”. गेल्या आठवड्यात मिन्जुन फक्त “बेअर” म्हणत होता. उद्या “ईटिंग” आणि “रनिंग” घेणार आहोत.’

तीन वाक्यं: आज काय ऐकलं, आधी कुठे होता, पुढे काय. मधलं वाक्य कधीही गाळू नका. प्रगती तिथेच दिसते. बारा मुलांचं रोज असं लिहिणं शक्य नाही, म्हणून दिवसाला तीन मुलं धरा. चार दिवसांत बारा होतात, पाचवा दिवस गैरहजर राहिलेल्यांसाठी मोकळा. त्या दिवशीच्या तीन मुलांची नावं लिहिलेला कागद सकाळीच खिशात ठेवा आणि मूल जे बोलेल ते जसंच्या तसं, चुकीसकट टिपा. ‘आय गोएड पार्क’ असं म्हणालं तर तसंच लिहा, कारण दोन महिन्यांनी ‘आय वेंट’ आलं की तुलनेला तेच हाती लागतं. ज्या मुलांची पाळी नाही त्यांना त्या दिवशी वर्गाची सामायिक नोंद पुरे.

एकच मजकूर नाव बदलून बाराजणींना धाडलात तर संध्याकाळपर्यंत बिंग फुटतं. या आयांचा आपसातला गट तुमच्या अॅपपेक्षा वेगवान असतो. लांबीही साधारण सारखी ठेवा, कारण ‘तिला पाच ओळी, मला दोनच का?’ हे खरोखर विचारलं जातं. फोटोंचंही तेच. आठवड्याला प्रत्येक मुलाचे तीन फोटो जातील असं बघा आणि पाठवण्यापूर्वी मागच्या रांगेतले चेहरे तपासा. कडेला एकटं बसलेलं किंवा नुसती पाठ दिसणारं मूल ज्याचं असेल त्याच्या आईला त्या फोटोत दुसरं काही दिसत नाही.

नोंद इंग्रजीत लिहून यंत्राकडून भाषांतर करून घेणार असाल तर वाक्यं तोकडी ठेवा आणि ‘तो’, ‘ती’ टाळून दर वाक्यात मुलाचं नाव घाला. कोरियनमध्ये कर्ता सर्रास गळतो, आणि लांब वाक्यात कुणी कुणाला ढकललं याची उलटापालट होते. नेव्हर या कोरियन कंपनीच्या पापागो या भाषांतर अॅपमध्ये आदरार्थी रूपाचं बटण आहे, ते चालू ठेवा. आईला उद्देशून लिहिताना तिचं स्वतःचं नाव येत नाही. मुलाचं नाव आणि पुढे ‘ऑमॉनिम’, म्हणजे ‘मिन्जुन ऑमॉनिम’. तरीही पाठवण्याआधी कोरियन सहशिक्षिकेची नजर एकदा फिरू द्या. दहा मिनिटं जातात, पण पुढचा तासभराचा फोन वाचतो.

आता रात्रीचे निरोप. काकाओटॉक या कोरियातल्या निरोपांच्या अॅपवर पाठवलेल्या निरोपाशेजारी बारीक पिवळा ‘1’ दिसतो आणि समोरच्याने वाचला की तो गळून पडतो. म्हणजे तुम्ही वाचलंत हे आईला त्याच क्षणी कळतं, आणि पुढची वीस मिनिटं ती उत्तराची वाट बघत बसते. वैयक्तिक काकाओ खातं पालकांना द्यायचंच नाही, हा यावरचा सर्वात सोपा उपाय. ते आधीच दिलं असेल तर एकदम तोडू नका. रुसवा धरला जातो. संस्थाचालकांच्या, म्हणजे ‘वॉन्जांगनिम’च्या नावाने सगळ्यांना एकच पत्रक जाऊ द्या: अमुक तारखेपासून निरोप संस्थेच्या अॅपवर, उत्तर कामाच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत, आजारपण किंवा तातडीचं असेल तर संस्थेच्या फोनवर. नियम संस्थेचा असला की राग तुमच्यावर येत नाही. आणि एकदा वेळ ठरवलीत की रात्री अकराला एखादं ‘फक्त आजच्यापुरतं’ उत्तरसुद्धा देऊ नका. एकीला दिलेलं उत्तर दुसऱ्या दिवशी बाराजणींचा हक्क होतो.

ही कडकपणाची हौस नव्हे. जुलै 2023 मध्ये सोलच्या एका प्राथमिक शाळेतली तरुण शिक्षिका शाळेतच मृतावस्थेत सापडली. पालकांच्या तक्रारींचा शिक्षकांवर पडणारा ताण त्यानंतर देशभर चर्चेत आला, शिक्षक आठवड्यामागून आठवडे रस्त्यावर उतरले आणि सप्टेंबरमध्ये संसदेने शिक्षकांच्या संरक्षणासाठी चार कायद्यांत दुरुस्त्या केल्या. शिक्षकाने एकट्याने तक्रार अंगावर घ्यायची नाही, ती संस्थाप्रमुखाने हाताळायची, ही त्यामागची दिशा. ते कायदे शाळा आणि मान्यताप्राप्त बालवाड्यांसाठी आहेत, हागवॉनला त्यांची ढाल नाही. म्हणूनच तुमच्या करारात किंवा निदान लेखी निरोपात संपर्काची वेळ आणि मार्ग आलेला असावा.

दूरध्वनीवरचा किंवा समोरासमोरचा ‘सांगदाम’, म्हणजे पालकांशी ठरवून केलेली चर्चा, बहुतेक संस्थांत नियमित असते. चांगली बातमी लेखी द्या, अवघड बातमी तोंडी. लेखी वाक्याचा फोटो दहा मिनिटांत आयांच्या गटात फिरतो आणि त्याच्या मागचापुढचा संदर्भ गळून जातो. चर्चेआधी कागदावर चार गोष्टी मांडा: मूल नेमकं काय करू लागलंय, काय अजून जमत नाही (एकच, तीन नव्हे), त्यासाठी वर्गात तुम्ही काय करणार, आणि कुठल्या तारखेला पुन्हा कळवणार. तारीख महत्त्वाची. ‘बघते’, ‘प्रयत्न करते’ हे तुमच्या लेखी सौजन्य असतं, पण दुभाष्यामार्फत पलीकडे पोहोचेपर्यंत त्याचं वचन होतं.

सहशिक्षिका भाषांतर करत असेल तर दोन वाक्यं बोलून थांबा आणि बघायचं ते आईकडे, सहशिक्षिकेकडे नाही. ती कोरियन असल्यामुळे तुमचं वाक्य मवाळ करणारच. कुठलं वाक्य मवाळ करायचं नाही ते आधी सांगून ठेवा, उदाहरणार्थ ‘दुसऱ्या मुलाबद्दल आम्ही बोलणार नाही’. फोन संपल्यावर तिला एक प्रश्न जरूर विचारा: आई असं काय म्हणाली जे तू मला सांगितलं नाहीस? खरी तक्रार पुष्कळदा तिथे सापडते. मोठ्या भावंडाला मात्र दुभाषी करू नका.

आता ठरावीक मागण्या.

‘मुलगा इंग्रजीत बोलतच नाही.’ नवी भाषा कानावर पडू लागली की लहान मुलं काही काळ गप्प राहतात; हा काळ काही महिन्यांचाही असू शकतो. पण आईला हे तत्त्व सांगून भागत नाही, तिला पुरावा हवा असतो. मुलाला एकट्याला अशी सूचना द्या जी दुसऱ्याचं बघून पाळता येणार नाही: ‘निळी पेन्सिल खिडकीपाशी ठेव, मग टाळी वाजव.’ हाताने खूण करायची नाही, नजरेने दिशा द्यायची नाही. आठवड्यातून तीनदा वेगवेगळ्या सूचना देऊन बघा आणि निकाल तारखेसह लिहा. आठपैकी सहा सूचना बरोबर पाळल्या असं सांगितलंत की आईला पाय टेकायला जमीन मिळते. उलट मूल कोरियनमध्येही शब्द जुळवत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर प्रकरण वेगळं. तेव्हा स्वतः निदान करू नका. काय दिसतं ते वॉन्जांगनिमना सांगा आणि श्रवणतपासणीची गोष्ट त्यांच्याकडून निघू द्या. आणि घरी कोरियन बोलणं बंद करा असा सल्ला चुकूनही देऊ नका. घरची भाषा तोडल्याने इंग्रजी लवकर येत नाही, आणि आई-मुलाचं बोलणं मात्र खुंटतं.

‘एआर किती आहे?’ एआर म्हणजे ‘अॅक्सिलरेटेड रीडर’ ही अमेरिकन वाचनपद्धती, आणि हा आकडा पुस्तकाच्या पातळीचा असतो: 2.5 म्हणजे अमेरिकेतल्या दुसरीच्या वर्गाचा पाचवा महिना. वाक्यांची लांबी, शब्दांची लांबी आणि शब्दांची काठिण्यपातळी यांवरून तो काढतात. मजकूर पाच वर्षांच्या मुलाला समजेल का, हे त्यात मोजलेलंच नाही. आईशी आकड्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. पुस्तक मिटून मुलाला तीन प्रश्न विचारा: कोण होतं, काय झालं, असं का झालं. तिसरा प्रश्न सुटत नसेल तर मूल अक्षरं वाचतंय, गोष्ट नाही. हे आईसमोर, तिने स्वतः निवडलेल्या पुस्तकावर करून दाखवता आलं तर फारच छान. मग पातळी थोडी खाली आणायचं तीच सुचवते.

‘वहीची पानं कोरी का?’ छापील वहीचे पैसे वेगळे भरलेले असतात, त्यामुळे पानं मोजली जातात. इथे घोटाळा असा होतो की शिक्षिका शुक्रवारी दुपारी मुलाचा हात धरून पानं भरून टाकते. मोठ्या माणसाच्या हाताचा दाब कागदावर लपत नाही, आणि एकदा ते उघड झालं की विश्वास जो उडतो तो परत येत नाही. चार वर्षांच्या मुलाची पेन्सिल धरण्याची पकडच अजून पक्की नसते. सलग दहा मिनिटं लिहिणं त्याला पुष्कळ झालं. जे पान तोंडी किंवा खेळातून घेतलं त्यावर तारीख आणि ‘बोलून केलं’ असा शिक्का मारा. शिक्का पाहिला की बहुतेक आया पुढे विचारत नाहीत. जास्त गृहपाठ मागणाऱ्या आईला नकार देत बसू नका. पाच मिनिटांचं, पेन्सिल न लागणारं काम द्या, जसं वर्गातल्याच चित्रावर ‘व्हॉट इज ही डूइंग?’ असं तीनदा विचारणं. तिला हात लावायला काहीतरी हवं असतं, आणि मुलालाही ते जड जात नाही.

‘त्या मुलाला वेगळं बसवा.’ कुणी चावलं किंवा ढकललं की हे येणारच. मूल घ्यायला आई येण्याआधी फोन गेलाच पाहिजे, शक्यतो तासाभरात. आधी जखम साबण-पाण्याने धुवा, थंड पट्टी ठेवा, फोटो काढा, वेळ लिहा. फोनवर क्रम असा: काय झालं, कुठे, तुम्ही काय केलंत, मूल आत्ता कसं आहे. दुसऱ्या मुलाचं नाव घ्यायचं नाही. तुमचं मूल घरी जाऊन ते सांगणारच आहे, तरीही तुमच्या तोंडून नाही. आईला घराच्या दारात मुलाच्या हातावर वळ दिसला आणि तुमचा फोन आलेला नव्हता, तर पुढचे तीन महिने तुम्ही काहीही सांगा, ते खरं वाटत नाही. सीसीटीव्ही बघायची मागणी आली तर तो निर्णय संस्थेचा, कारण चित्रणात इतरांची मुलंही असतात. पाळणाघरांत 2015 पासून कॅमेरे सक्तीचे आहेत, त्यामुळे हागवॉनमध्येही पालक ते गृहीत धरतात.

मुलाला शिक्षा म्हणून वर्गाबाहेर एकटं उभं करणं, दंड धरून ओढणं, इतरांसमोर कान उपटणं हे करूच नका. भावनिक छळाची तक्रार कोरियात थेट पोलिसांपर्यंत जाते. शांत करायचं असेल तर वर्गातच, सहशिक्षिकेच्या नजरेसमोर, दोन-तीन मिनिटं तुमच्या शेजारी बसवा. याची दुसरी बाजूही आहे: हागवॉनमध्ये शिकवणारे लोक बालछळ कळवायला कायद्याने बांधील आहेत. मुलाच्या अंगावर न पटणाऱ्या खुणा दिसल्या तर पालकांना विचारत बसू नका. वॉन्जांगनिमना सांगा आणि 112 वर कळवा.

भेटवस्तूंबद्दल थोडंच. 15 मे हा कोरियातला शिक्षकदिन. 28 सप्टेंबर 2016 पासून लागू झालेल्या भ्रष्टाचारविरोधी कायद्याने शाळा आणि बालवाड्यांतल्या शिक्षकांना आपल्या विद्यार्थ्यांच्या पालकांकडून भेट घेता येत नाही. हागवॉन त्या कक्षेत येत नाही, म्हणून पिशव्या येतात. मुलाने काढलेलं चित्र घ्या, बाकीचं दोन्ही हातांनी परत करा आणि संस्थेच्या नियमाकडे बोट दाखवा. एकीचं गिफ्ट कार्ड घेतलंत की तिच्या मुलाची पुढची प्रत्येक कौतुकाची नोंद संशयास्पद होते.

राहिले खरोखर हेकट पालक. रोज तीच तक्रार, आवाज चढवणं, ‘काढून नेऊ’ अशी धमकी. पैशाचा विषय निघाला की तुम्ही बोलू नका. महिन्याची फी किती परत मिळते हे कायद्याने ठरलेलं आहे: एक तृतीयांश काळ उलटण्याआधी दोन तृतीयांश, अर्धा उलटण्याआधी निम्मी, त्यानंतर काही नाही. तो हिशोब कार्यालयाचा. तुम्ही फक्त प्रत्येक बोलण्याची तारीख, वेळ, मागणी आणि दिलेलं उत्तर चार ओळींत लिहून त्याच दिवशी वॉन्जांगनिमना पाठवा. त्या पालकांना यापुढे एकट्याने भेटायचं नाही आणि उभ्या उभ्या दारातही बोलायचं नाही. ‘आत बसू, मंगळवारी चार वाजता वीस मिनिटं’ असं सांगा. वेळ ठरली की निम्मा जोर तिथेच ओसरतो. आवाज चढला तर सहशिक्षिकेने एकच वाक्य म्हणायचं: आज इथेच थांबू, संस्था तुम्हाला उद्या फोन करेल. वॉन्जांगनिम तुमच्या बाजूने उभे राहतात की नाही हे पहिल्या अशा प्रसंगातच कळतं. राहिले नाहीत, तर करार संपल्यावर पुढची संस्था शोधा. असल्या ठिकाणी कितीही चांगली नोंद लिहून भागत नाही.

वर्ग मार्चमध्ये बदलतात. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक मुलाचं एक पान करा: वर्षाच्या सुरुवातीचं एक वाक्य आणि आत्ताचं एक, दोन्ही त्याच्याच तोंडचं, तारखेसह, गप्प मुलांच्या बाबतीत सूचनांचे निकाल, आणि आईला कुठल्या गोष्टीची माहिती आधी लागते ती एक ओळ. ही शेवटची ओळ पालकांना जाणाऱ्या प्रतीत ठेवू नका, फक्त पुढच्या शिक्षिकेच्या प्रतीत ठेवा.